तेरावरून पंधरावर : भोसरीतल्या एका ईआरपीची हकिगत

सुरुवात झाली ती होस्टिंगवाल्यांच्या एका कोरड्या ईमेलने. फेब्रुवारी २०२५. माझ्या क्लायंटची ईआरपी (खरेदी, साठा, बिलं, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) ज्या भाड्याच्या सर्व्हरवर चालत होती, त्यावर उबुंटू २०.०४ ही ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि तिचा नेहमीचा सपोर्ट ३१ मेला संपणार होता. मला वाटलं, एक रविवार जाईल. प्रत्यक्षात १५ ऑगस्ट उजाडला. याच वाटेने कुणाला जायचं असेल तर थोडा अंदाज यावा, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

क्लायंट म्हणजे भोसरी एमआयडीसीतला एक छोटा कारखाना. लोखंडी बार आणायचे, लेथवर पार्ट करायचे, प्लेटिंगला बाहेर पाठवायचे, परत आले की तपासून मोठ्या गाडीवाल्यांच्या पुरवठादारांना द्यायचे. चाळीसेक माणसं. २०२१च्या दिवाळीनंतर आम्ही तिथे ईआरपीनेक्स्ट बसवलं, व्हर्जन तेरा. हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्याची चांगली गोष्ट ही की मूळ कोडला हात न लावता आपलं स्वतंत्र ॲप लिहून त्याच्या शेजारी बसवता येतं. माझं तसं एक ॲप तिथे होतं: हीट नंबरचा (गिरणीने बारच्या गठ्ठ्याला दिलेल्या नंबरचा) माग, जॉबवर्कची (बाहेरून करून घेतलेल्या कामाची) चलनं, थोडे रिपोर्ट, डब्यांवरची लेबलं.

आता उबुंटूच बदलायचं तर त्यात एवढं काय? उबुंटू २२.०४सोबत पायथन ३.१० येतं. पायथन ही ईआरपीनेक्स्ट ज्यात लिहिलंय ती भाषा. तेराचा संसार जुन्या पायथनवर मांडलेला, चौदाला मात्र ३.१०च लागतं. म्हणजे सर्व्हर बदलला की पायथन, पायथन बदललं की ईआरपी, आणि ईआरपी बदलली की माझं ॲप. गोधडीचा एक टाका ओढावा तसं झालं. आणि चौदावर थांबण्यात अर्थ नव्हता, कारण पंधरा येऊन दीड वर्ष होत आलं होतं.

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, मार्चएण्ड होऊ द्या. त्याच्या आधी कुणी काही हलवलं तर आमचे सीए मला हलवतील." बरोबरच होतं. मी साठ तास धरून ९०,००० रुपयांचं कोटेशन पाठवलं. साठ हा आकडा कुठून काढला, हे आज मलाही सांगता येणार नाही.

१० एप्रिलला प्रत्यक्ष काम सुरू केलं आणि पहिले चार दिवस एकही ओळ कोड लिहिला नाही. फक्त मोजदाद. कस्टमायझेशन ॲपमध्येच असतं असं आपण धरून चालतो, पण चार वर्षांत ते घरभर पसरलेलं असतं: फॉर्मवर स्क्रीनवरूनच वाढवलेली फील्डं, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या क्लायंट स्क्रिप्ट, सर्व्हर स्क्रिप्ट, प्रिंट फॉरमॅट, थेट एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहून केलेले रिपोर्ट. मी मोजले तेव्हा ११२ कस्टम फील्डं, १९ क्लायंट स्क्रिप्ट, ७ सर्व्हर स्क्रिप्ट आणि ११ प्रिंट फॉरमॅट निघाले. यातली निम्मी फील्डं कुणी भरतच नव्हतं. अकाउंटंट ताईंबरोबर बसून २६ फील्डं तिथल्या तिथे काढून टाकली. जे नाहीच ते अपग्रेडही करावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट नक्की करा. मूळ फ्रॅपे (ईआरपीनेक्स्टखालचा पाया) आणि ईआरपीनेक्स्टच्या फोल्डरमध्ये जाऊन 'गिट स्टेटस' (मूळ कोडमध्ये काय बदललंय ते सांगणारी कमांड) बघा. मी मोठ्या खात्रीने बघितलं आणि ईआरपीनेक्स्टची एक फाइल बदललेली निघाली. दोन ओळी. २०२२ साली रात्री अकराला कुणाचं तरी चलन अडलं होतं, म्हणून थेट मूळ कोडमध्ये घुसवलेल्या. कुणी म्हणजे मीच. दुसऱ्यांना 'कोअरला हात लावू नका' म्हणून सांगत फिरणारी मी.

एप्रिलच्या अखेरीस टेस्टसाठी वेगळा सर्व्हर घेतला, महिन्याला साधारण २,६०० रुपये. जिवंत सिस्टीमचा फाइलींसकट बॅकअप घेऊन तिथे उतरवला. इथे पहिली ठेच. डेटा आला, पण ईमेल जाईनात आणि साठवलेले सगळे पासवर्ड निकामी. साइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक एन्क्रिप्शन की असते, साठवलेले पासवर्ड तिच्याच जोरावर उघडतात. डेटाबेसच्या बॅकअपमध्ये ती नसते, वेगळी उचलून न्यावी लागते. अर्धा दिवस गेला. टेस्टवर गेला म्हणून हसले, लाइव्हला गेला असता तर ई-इनव्हॉइसचे पासवर्डही गेले असते. की नेली की ईमेल खरोखरचे जायला लागतात हेही लक्षात ठेवा. टेस्टवर आधी ईमेल बंद करा, नाहीतर गिऱ्हाइकांना जुन्या बिलांच्या आठवणी जातील.

तेरावरून थेट पंधरावर उडी मारायची नाही. आधी तेराचं शेवटचं व्हर्जन, मग चौदा, मग पंधरा, आणि प्रत्येक पायरीवर थांबून तपासायचं. चौदाची पायरी मे महिन्यात घेतली. 'बेंच मायग्रेट' (डेटा नव्या व्हर्जनच्या आराखड्यात नेणारी कमांड) दिलं आणि लाल अक्षरांचा पूर आला.

चौदामध्ये ईआरपीनेक्स्टची वाटणी झाली आहे. पूर्वी एकत्र कुटुंब होतं. आता एचआर आणि पगार वेगळ्या एचआरएमएस ॲपमध्ये गेले, आणि जीएसटीचा भाग इंडिया कंप्लायन्स नावाच्या ॲपमध्ये. माझ्या कोडमध्ये राज्याचा कोड काढायला मूळच्या 'रिजनल इंडिया' फोल्डरमधलं एक फंक्शन आयात केलेलं होतं. तो पत्ताच राहिला नव्हता. ही दोन ॲप आधी आणून त्यांच्या चौदाच्या ब्रँचवर (त्या व्हर्जनसाठीच्या कोडच्या शाखेवर) ठेवायची, मग पुढचं, हा क्रम मला तिसऱ्या प्रयत्नात कळला. प्रत्येक प्रयत्न म्हणजे बॅकअप पुन्हा उतरवणं, साधारण पाऊण तास. तेवढ्यात पोळ्या होतात.

मग जावास्क्रिप्ट. तेरापर्यंत कुठल्या फाइली एकत्र बांधायच्या ते 'बिल्ड डॉट जेसन'मध्ये लिहायचं. चौदामध्ये बांधणीचं यंत्रच बदललं आणि फाइलीच्या नावातच 'बंडल डॉट जेएस' असावं लागतं. हे काम कंटाळवाणं होतं, पण सरळ. पॅचची (अपग्रेडमध्ये एकदाच चालणाऱ्या छोट्या कोडची) यादीही दोन भागांत विभागायची: टेबलांचा आराखडा बदलण्याआधीचे आणि नंतरचे. माझी जुनी यादी सरसकट होती, आणि तशी यादी 'आधी'मध्ये मोजली जाते. त्यामुळे अजून जन्माला न आलेल्या फील्डमध्ये मी डेटा भरू पाहत होते.

आणि माझ्या हाताने केलेला सगळ्यात मोठा गोंधळ. ॲपबरोबर कस्टम फील्डं पाठवायला 'फिक्श्चर' असतात. मी त्यांना गाळणीच लावली नव्हती, नुसतं 'कस्टम फील्ड' लिहून मोकळी झाले होते. परिणामी जीएसटीची सगळी फील्डंही माझ्या ॲपच्या फाइलमध्ये जाऊन बसली होती, तेराच्या रूपात. दर मायग्रेटला इंडिया कंप्लायन्स आपली नवी फील्डं मांडायचं आणि मागून माझं ॲप येऊन त्यावर जुनी थापायचं. दोन दिवस मी इंडिया कंप्लायन्सच्या कोडमध्ये चूक शोधत होते. तिसऱ्या दिवशी आपलीच फाइल उघडली. आता गाळणी आहे: ज्या फील्डांचा मोड्यूल माझा, तेवढीच.

३१ मे आला आणि गेला. सर्व्हर बंद पडत नाही, नेहमीचे सुरक्षा अपडेट तेवढे थांबतात, हे मालकांना समजावून सांगितलं. बाहेरून येणारे रस्ते जमेल तेवढे बंद केले आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या जागी जायला लावला. तरी झोप थोडी पातळच होती.

इथपर्यंत जे मोडलं ते ओरडून मोडलं होतं. लाल अक्षरं, फाइलीचं नाव, ओळीचा नंबर. खरं सांगायचं तर ओरडणाऱ्या कोडची आता मला भीती वाटत नाही. पुढचं सगळं गप्प बसून मोडलेलं होतं.

जूनचा दुसरा पंधरवडा. पालख्या पुण्यात आलेल्या, रस्ते बंद, मी घरीच. अकाउंटंट ताई टेस्टवर रोजच्या कामाची नक्कल करत होत्या. त्यांचा फोन: "मॅडम, सगळं छान चाललंय. फक्त प्लेटिंगच्या चलनांची आठवण एकदाही आली नाही." जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल जीएसटी कायद्याप्रमाणे एका वर्षात परत यावा लागतो, म्हणून माझं ॲप ३३० दिवस झाले की ताईंना ईमेल करतं. जुन्या चलनांच्या तारखा बघता दोन आठवणी तरी यायला हव्या होत्या.

माझ्या कोडमध्ये अट होती: परचेस ऑर्डरवर 'सबकॉन्ट्रॅक्टेड' या फील्डमध्ये 'यस' असेल तर. चौदामध्ये ते फील्ड यस-नोच्या यादीऐवजी चौकोनी टिक झालं आहे. म्हणजे आत एक किंवा शून्य. मायग्रेशनने जुना डेटा इमानेइतबारे एकवर नेला. माझी अट मात्र 'यस'ची वाट पाहत बसली. एक आणि 'यस' सारखे नाहीत, हे पायथनने गुपचूप मान्य केलं आणि पुढे गेलं. ना एरर, ना लॉग. शिवाय चौदापासून जॉबवर्कला सबकॉन्ट्रॅक्टिंग ऑर्डर आणि रिसीट असे स्वतंत्र कागद आले आहेत, तेव्हा नव्या चलनांचा माग तिकडूनही घ्यावा लागला. ताईंच्या लक्षात आलं नसतं, तर हे पुढच्या वर्षी कुणाच्या तरी नोटिशीत कळलं असतं.

त्या दिवसापासून कामाची रीत बदलली. 'काय चालत नाही?' असं विचारणं सोडून माझा कोड मूळ सिस्टीमच्या कुठल्या कुठल्या फील्डला नावाने हाक मारतो, याची यादी केली. १४७ नावं निघाली. प्रत्येक नाव तेरा, चौदा आणि पंधराच्या डॉकटाइप फाइलींत (फॉर्म आणि त्यातल्या फील्डांची व्याख्या असलेल्या) जाऊन ताडून बघायचं: आहे का, प्रकार तोच आहे का, आणि मुख्य म्हणजे अजून कुणी त्यात भरतं का. हे काम कंटाळवाणं आहे, चार दिवस लागले, आणि पुन्हा करायची वेळ आली तर मी इथूनच सुरुवात करेन.

यादीतला तिसरा प्रश्न मी विचारला खरा, पण एका ठिकाणी उत्तर मनानेच दिलं. पंधरावर आल्यावर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भोसरीला गेले. स्वारगेटहून मेट्रो नाशिक फाट्यापर्यंत, पुढे शेअर रिक्षा. स्टोअरमधल्या काकांना हीट नंबरचा रिपोर्ट दाखवला. बारच्या प्रत्येक गठ्ठ्याला गिरणीचा हीट नंबर असतो, तोच आमच्याकडे बॅच नंबर. उद्या एखादा पार्ट तुटला तर तो कुठल्या हीटचा, कुठल्या सर्टिफिकेटचा, हे दाखवावं लागतं. कारखान्याच्या दृष्टीने हा एकच रिपोर्ट खरा, बाकी सगळी शोभा.

काकांनी चष्मा वर केला, स्क्रीन बघितली, टेबलाखालून आपली लाल कापडी रजिस्टर वही काढली. दोन मिनिटं बोट फिरवलं. म्हणाले, "ताई, जुना माल बरोबर आहे. पण काल आपण इथे जो टाकला, तो कुठंय?"

नव्हता. पंधरामध्ये बॅच आणि सिरीयल नंबर ठेवायची पद्धत मुळातून बदलली आहे. पूर्वी स्टॉक लेजरच्या (माल आल्यागेल्याच्या खात्याच्या) नोंदीतच बॅच नंबर लिहिला जायचा. आता 'सिरीयल अँड बॅच बंडल' नावाचा वेगळा कागद होतो आणि लेजरमध्ये फक्त त्याचा दुवा. बॅचचा जुना रकाना आहे, जुन्या नोंदींमध्ये भरलेलाही आहे, नव्यांमध्ये रिकामा. माझी एसक्यूएल त्या रकान्यातून वाचत होती. तिला जुनं सगळं दिसत होतं, म्हणून रिपोर्ट भरगच्च आणि खरा वाटत होता. यादी करताना मी 'आहे' आणि 'प्रकार तोच' या दोन खुणा केल्या होत्या, आणि तिसरीही त्याच ओघात करून टाकली होती. उपाय: दोन्हीकडून वाचायचं आणि बेरीज करायची. मूळ सिस्टीमचे बॅचचे रिपोर्टही तसंच करतात, हे त्यांचा कोड उघडल्यावर दिसलं. आधी उघडला असता तर काकांसमोर खजील व्हावं लागलं नसतं.

फॉर्मवर जुन्यासारखा थेट बॅच नंबर टाकायची सोय पंधराच्याच पुढच्या एका छोट्या व्हर्जनमध्ये आली आहे. काकांना तीच हवी होती. म्हणजे 'पंधरा चालेल' एवढं म्हणून भागत नाही, पंधरामधलं कितवं हेही सांगावं लागतं. आणि हे तपासताना व्हर्जन मजकूर म्हणून ताडू नका. मजकुरात १५.९ हे १५.१०पेक्षा मोठं ठरतं. विचारू नका कसं कळलं.

यानंतर माझ्या ॲपची मांडणी बदलली. आधी एकच ब्रँच होती आणि आत 'व्हर्जन तेरा असेल तर हे, नाहीतर ते' असे फाटे. चाकणला माझा दुसरा एक क्लायंट अजून चौदावर आहे, त्यामुळे फाटे वाढतच चालले होते. आता मूळ सिस्टीमसारख्याच तीन ब्रँच: व्हर्जन तेरा, चौदा, पंधरा. तेरा गोठवलेली. दुरुस्ती पंधरावर करायची आणि लागेल तेवढीच चौदावर उचलून न्यायची. पायप्रोजेक्ट फाइलमध्ये बेंचसाठी (ॲप बसवणाऱ्या साधनासाठी) फ्रॅपेची हद्द लिहिली आहे, अमुकपासून पुढे आणि सोळाच्या खाली. चुकीच्या घरात ॲप बसवायला गेलं की दारातच कळावं. ॲप आपोआप तपासणाऱ्या टेस्ट ४१ आहेत. त्यातल्या एकीत काकांच्या वहीतले सहा हीट नंबर आणि त्यांची शिल्लक हाताने टाइप केलेली आहे.

लाइव्ह कधी जायचं यावर पंचांग काढावं तशी चर्चा झाली. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २०ला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं. २७ ऑगस्टला गणपती, त्याआधी निम्मे कामगार गावी. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. १४ ऑगस्ट गुरुवार होता आणि १५ तारीख अर्थातच सुट्टी. यापेक्षा चांगला मुहूर्त मिळणार नव्हता. टेस्टवर अख्खी प्रक्रिया दोनदा घड्याळ लावून केली होती आणि प्रत्येक कमांड कागदावर लिहिली होती. मागे फिरायची वेळही ठरलेली: शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आकडे जुळले नाहीत, तर शनिवारी सकाळी जुनाच सर्व्हर चालू.

बुधवारी संध्याकाळी सव्वासातला सगळ्यांना बाहेर काढून बॅकअप घेतला. त्याच्या थोडं आधी तीन आकडे लिहून ठेवले होते: ट्रायल बॅलन्सची बेरीज, स्टॉकची एकूण किंमत, येणं बाकी. चौदापर्यंत ३८ मिनिटं, पंधरापर्यंत सव्वा तास. रात्री पावणेबाराला ट्रायल बॅलन्स आणि येणं बाकी पैशापर्यंत जुळलं, स्टॉकमध्ये ४१२ रुपयांचा फरक. गुरुवारचा पूर्वार्ध त्या ४१२ रुपयांत गेला. फरक अपग्रेडचा नव्हताच. संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी, मी आकडा लिहिल्यावर आणि दार लावण्याआधी, कुणीतरी एक मटेरियल इश्यू (स्टोअरमधून माल दिल्याची नोंद) सबमिट केला होता. आधी दार लावा, मग आकडे लिहा.

शनिवारी पहिलं खरं ई-इनव्हॉइस निघालं, आयआरएन (सरकारी पोर्टलचा बिल-नोंदणी क्रमांक) आला, ताईंनी चहा मागवला. सोमवारी लेबलं बिघडली, एक लेबल दोन स्टिकरवर पसरायला लागलं. कोडमध्ये काही नव्हतं. पीडीएफ करणारं डब्ल्यूकेएचटीएमएल-टू-पीडीएफ मी नव्या सर्व्हरवर उबुंटूच्या भांडारातून घेतलं होतं. फ्रॅपेला त्याची खास बदललेली (क्यूटी पॅच केलेली) आवृत्ती लागते. टेस्ट सर्व्हरवर ती होती, लाइव्हवर टाकायची राहिली, कारण माझ्या कमांडच्या कागदावर ती ओळच नव्हती. वीस मिनिटांचं काम, पण तोवर स्टिकरचा अर्धा रोल वाया.

एकूण तास १४८. जास्तीच्या कामाचे ३५,००० रुपये मालकांनी फारशी घासाघीस न करता दिले. टेस्ट सर्व्हरचे चार महिन्यांचे १०,४०० माझ्या खिशातून गेले. पुढच्या कोटेशनमध्ये ते वेगळ्या ओळीत लिहिणार आहे. जुना सर्व्हर ऑगस्टअखेरपर्यंत बंद करून ठेवला आणि मग सोडून दिला.

गणपतीनंतर एकदा गेले होते. काकांचा रिपोर्ट व्यवस्थित येतोय, ते रोज काढतात. आणि त्यानंतर वहीतही लिहितात. मालक म्हणाले, "ताई, आता तरी त्यांना वही बंद करायला सांगा." मी नाही सांगितलं. चाकणचं चौदाचं पंधरा व्हायचंय, आणि तिथल्या स्टोअरमध्ये अशी वही आहे का, हे मी आधी विचारून ठेवलंय.